भालदाराचे मस्तकांतील वाटांचा शोध

ज्याणें मस्तक बदलोनही बुद्धि शाबूत राखिली त्या गजाननासी दंडवत करोन हकीकत लिहितों. शके १९४१ विकारी नाम संवत्सरीं राज्याचे भालदार रखमाजी गलांडे यांचे मस्तकांत गांठ जाहली, आणि महाराज दरबारीं येतां ते "राणीसाहेब पधारत आहेत!" ऐसी ललकारी देऊं लागले. महाराज बहुत खिन्न जाहले. मग राजवैद्य तिमाजी नाईक म्हणाले, "गांठ काढितों, परंतु वाचेची वाट कोठोन जाते तें कळल्याविणा शस्त्र लावणार नाहीं. वाट तुटली तर हा जन्माचा मुका." तेव्हां चुंबकयंत्र आणविलें. मस्तकांतील वाटा म्हणजे पांढरे धागे; त्यांच्या कडेनें पाणी कोणे दिशेस सरकतें तें यंत्र पाही, आणि त्यावरोन दरबारच्या नकाशेकरीण भिवराबाई वाटा रेखीत. परंतु जुनी रीत ऐसी कीं एके ठिकाणीं एकच दिशा धरावी. मग जेथें दोन वाटा एकमेकींस छेदीत तेथें घोटाळा होऊन नकाशावर वाचेची वाट उजवे डोळ्यांत जाऊन संपली. नाईक बोलिले, "बाई, हा काय डोळ्यानें बोलतो?" बाई ओशाळल्या, आणि त्यांणीं रीत फिरविली कीं पाणी पुष्कळ दिशांनीं पाहावें आणि छेदाचे जागीं दोन-तीन वाटा मोकळ्या ठेवाव्या. त्यासी रखमाजींस बहुत वेळ निश्चळ पडावें लागे. परंतु यंत्र नगाऱ्यासारखें धडधडे, आणि हरएक ठोक्यासी रखमाजी सवयीनें "निगाह रखो!" गर्जत, मस्तक हाले, चित्र नासे. मग भिवराबाई महाराजांसी म्हणाल्या, "सरकार निजले असतां हे ओरडत नाहींत. आपणच येथें निजावें." चुंबक ओढील म्हणोन महाराजांनीं मुकुट-तलवार बाहेर ठेविली, आणि शेजारीं आडवे होऊन खोटें घोरूं लागले, मग खरेंच घोरूं लागले. रखमाजींनीं ओठ मिटोन घेतले, आणि नकाशा साफ उतरला. वाचेची वाट गांठीस अगदीं चिकटोन गेली होती. मग नाईकांनीं रखमाजींस जागेच ठेवोन महाराजांच्या पदव्या म्हणावयास लाविलें आणि शस्त्र चालविलें. एके जागीं पदवी अडखळली. "नाईक, थांबा! नकाशांतली वाट तीच!" ऐसें बाई ओरडल्या, आणि नाईकांनीं हात आवरिला, गांठीचा थोडका अंश तेथेंच राहूं दिला. रखमाजींनीं श्वास घेतला, शेजारीं उभे महाराजांकडे पाहिलें आणि "महाराज!" ऐसी हांक दिली कीं खिडक्या थरारल्या. महाराजांचे डोळे भरोन आले. नाईक बोलिले, "आतां गप्प पडा, टांके घालावयाचे आहेत." ते गप्प पडले नाहींत. सारांश, वाट सांपडली, वाचा वांचली, आणि राज्याची दुपारची झोंप गेली ती गेलीच.