हवेलीतली मखमली खुर्ची

थोरली जाऊ त्या खुर्चीत बसली ती ठरवून. घरून निघतानाच तिनं धाकटीला बजावलं होतं, की तू खुशाल झुंबरं बघत हिंड, मी मात्र मालकाच्या खुर्चीत एकदा बसल्याशिवाय परत येणार नाही.

त्याला कारणही तसंच होतं. या हवेलीच्या मालकाच्या दोरा-गिरणीत थोरलीची उभी हयात गेली, आणि ती खरोखरच उभ्यानं गेली. यंत्रापाशी बाईनं जरा टेकलेलं मुकादमाला खपत नसे. एकदा बायकांनी एकजूट करून मागणी केली, की प्रत्येकीला एक साधं स्टूल द्या. कामगारांचा पुढारी मिशीला पीळ देत हवेलीवर गेला आणि आला तो गोगलगाय होऊन. मालकांनी मला खुर्ची दिली हो बसायला, एवढंच घोकत राहिला. स्टुलांचं काय झालं, तर तो विषयच काढायचा राहिला म्हणे. तेव्हापासून मालकाच्या खुर्चीवर थोरलीचा दात होता. पुढे मालक गेला, गिरणी बंद पडली आणि हवेलीचं संग्रहालय झालं. तिकीट काढलं की कुणालाही आत सोडतात हे कळल्यावर तिनं गुडघ्यांना तेल चोळलं आणि धाकटीला घेऊन निघाली.

आत नुसता थाट. दालनामागून दालनं, प्रत्येक दालनात खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीपुढे रेशमी दोरी. पाहुण्यानं टेकावं असं कुठे काही नाही. वरच्या मजल्यावर मालकाची कामाची खोली लागली तोवर थोरलीचे गुडघे रडकुंडीला आले होते. मोठ्या मेजाच्या पलीकडे एक ताठ लाकडी खुर्ची आणि अलीकडे भली थोरली मखमली. यातली मालकाची कुठली, हे काय कुणी सांगायला हवं? पहारेकऱ्याची पाठ वळताच तिनं दोरी ओलांडली आणि मखमलीवर बसकण मारली.

बसली ती खालीच गेली. गेली ती जातच राहिली. गुडघे हनुवटीच्या रेषेत आले तेव्हा कुठे तळ लागला. ही काय खुर्ची की विहीर, असं म्हणत तिनं हातावर जोर देऊन बघितलं, पण कशाचं काय! तेवढ्यात पहारेकरी धावत आला.

"काकू, उठा बरं. ती बसायची खुर्ची नाही."

थोरली उठायचंच बघत होती. पण गिरणीतल्या बाईनं मालकाच्या घरात येऊन, मला उठता येत नाही, असं सांगायचं? जीव गेला तरी नाही.

"नाही उठत," ती म्हणाली.

धाकटीनं कानाशी येऊन विनवणी केली. थोरलीनं दातावर दात ठेवून खरा प्रकार सांगितला आणि गप्प बसायची तंबी दिली. धाकटीनं रुमालात तोंड खुपसलं ते मग काढलंच नाही.

आता नाही उठत म्हटलं की का नाही, ते सांगणं आलं. थोरलीनं आवाज चढवला. एवढी मोठी हवेली, तिकिटाचे पैसे रोख, आणि माणसाला टेकायला एक बाक नाही? प्रत्येक दालनात बाक ठेवा, मगच उठते. मागे काठी टेकत उभे असलेले एक आजोबा म्हणाले, बाई बोलतेय ते सोळा आणे खरं आहे, आणि सरळ खिडकीच्या कठड्यावर बसले. त्यांचं बघून एक लेकुरवाळी जमिनीवर बसली. बघता बघता अख्खी खोली ठिय्या मारून बसली, आणि पहारेकरी व्यवस्थापकाला बोलवायला पळाला.

व्यवस्थापक आधी गोड बोलला, मग पोलिसांना बोलावीन म्हणाला. थोरलीनं खुशाल बोलवा म्हटलं. चौघे आले तर बरंच, उचलतील तरी, असं तिला मनातून वाटत होतं. तिचा तो निर्धार बघून व्यवस्थापकाचं अवसान गळालं. बाकं ठेवतो, तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे तिच्या उठण्याकडे बघू लागले.

थोरलीनं पदराआड पुन्हा हातांवर जोर देऊन बघितलं, पण छे. "आणि प्यायचं पाणी," ती म्हणाली.

तेही मान्य झालं. मग तिनं जिन्याला हाताशी येईल असा दांडा मागितला. तोही मिळाला. आता मागायचं तरी काय? तिची नजर पहारेकऱ्यावर गेली.

"आणि याला एक स्टूल. सकाळपासून उभा आहे बिचारा."

पहारेकरी आ वासून बघत राहिला. व्यवस्थापकानं कपाळाचा घाम पुसला.

"दिलं, काकू. पण कमाल आहे तुमची. या खुर्चीत बसून आजवर कुणाला काही मिळालं नव्हतं."

"मालकाला मिळालं की सगळं."

"मालक कुठे बसायचे हिच्यात? ते त्या लाकडी खुर्चीवर. ही मागण्या घेऊन येणाऱ्यांसाठी मुद्दाम खोल करून घेतलेली. माणूस रुतला की त्याला सगळी काळजी उठायची. कशासाठी आलो तेच विसरायचा."

तो पुढारी थोरलीच्या डोळ्यांपुढे आला. इतकी वर्षं त्या मेल्याला फितूर म्हणून शिव्या घातल्या, आणि तो बापडा याच गादीत हातपाय मारत बसला असेल. तिला त्याची कीव आली, आणि मालकाचा असा राग आला, की लाजबीज सगळी पळाली. तिनं दोन्ही हात पुढे केले.

"बघता काय? रुतलेय मी. ओढा."

एका हाताला पहारेकरी, दुसऱ्याला धाकटी, मागून रेटायला व्यवस्थापक. तिसऱ्या हिसक्याला थोरली सुटली. व्यवस्थापकाला इतकी धाप लागली, की समोर दिसलं त्यात तो टेकला, आणि टेकल्यावर त्याच्या लक्षात आलं.

तोवर थोरली मेजाला वळसा घालून मालकाच्या लाकडी खुर्चीवर ऐसपैस बसली होती. पहारेकऱ्यानं ते पाहिलं आणि तो झुंबर निरखू लागला.

"हं, साहेब," मेजावर कोपरं टेकवून थोरलीनं खाली बघत विचारलं, "बाकं कधी येणार म्हणालात?"

व्यवस्थापकानं एकदा उठायला बघितलं. मग पुन्हा एकदा.

"सोमवारी," तो म्हणाला.