तांबडीची अकरा पिल्लं

खंडाळा स्टेशनात माझी उभी हयात मालगाड्यांचे डबे मोजण्यात गेली. गाडी घाटातून धडधडत आली, की मी हातातला कप खाली न ठेवता आकडा सांगायचो आणि तो कधी चुकला नाही! म्हणून बासष्ट साली रिटायर झाल्यावर बायकोनं अकरा पिल्लं राखायला सांगितली, तेव्हा मला हसूच आलं.

"हसू नका," शालन म्हणाली. "उर्स्याला भावाकडे जाऊन संध्याकाळच्या एसटीनं येते. तांबडी माझ्या माहेरची कोंबडी आहे, माझा जीव आहे तिच्यावर. तिची पिल्लं अधूनमधून मोजत राहा, घारी फिरतात."

"अगं, अख्खी मालगाडी मोजणारा माणूस मी! तू जा बिनघोर!"

पण डबे एकामागोमाग एक जातात आणि एकमेकांना बांधलेले असतात. पिल्लांना ही शिस्त नाही! त्यात एकच काळं, बाकी सगळी पिवळी. डोळा फिरून फिरून त्या काळ्यावरच जायचा, आणि गेला की बोट एक पुढे सरकायचं. बारा भरली! पुन्हा मोजली, तरी बारा!

म्हणजे शेजारच्या कोंडूचं एक आलेलं दिसतंय. त्याच्याकडेही नुकतीच पिल्लं निघाली होती. मी एक पिवळं उचललं आणि मोठ्या इमानदारीनं त्याच्या अंगणात नेऊन सोडलं.

"आमचं व्हय? असंल बाबा," म्हणून कोंडूनं ठेवून घेतलं.

घरी येऊन जरा डोकं चालवलं. काळं आधी मुठीत धरलं, मग बाकीची मोजली. काळ्यासकट दहा! तसाच पाय ओढत पुन्हा कोंडूकडे गेलो.

"कोंडू, ते पिल्लू माझंच होतं रे. परत दे."

"आता वळखू कसं, भाऊ? समदी सारकीच पिवळी! तुमची तांबडी घिऊन या हितं, पिल्लांसंगट. आय वळखंल की आपलं पोर!"

पटलं. पिल्लं पाटीत घातली आणि निघालो. तांबडी कलकलाट करत मागोमाग आली. पाटी टेकवतो न टेकवतो तोच कोंडूच्या कोंबडीनं झेप घेतली, पाटी कलंडली आणि दोन्हीकडची पिल्लं एक झाली! तांबडी बिचारी घाबरून कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

"काळं माझं!"

"त्ये कोन न्हाई म्हनतंय? पर त्ये तुमी दोनदा मोजलं!"

"एकदाच! पाच, सहा..."

"अवो, ह्ये मी मोजलंय!"

मी वाकलेला, कोंडू उकिडवा. ओट्यावर त्याची आई झुंबरबाई बसली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती म्हणाली, "आरं, कुपनाकडं त्ये बगा काय..."

"मावशी, गप बसा! आकडा चुकतो!"

"आये, गप की!"

पुन्हा पहिल्यापासून. म्हातारी पुन्हा काहीतरी बोलली, आम्ही पुन्हा खेकसलो. माझ्या कंबरेचा काटा ढिला झाला, तेव्हा कुठे कोंडूनं हात टेकले. "ऱ्हाऊ द्या, भाऊ. आपल्याला न्हाई जमायचं. तांबडीलाच म्होरं घ्या."

मी मान वर केली. कुंपणाशी चार तांबडी पिसं पडली होती.

"त्येच मगापासनं सांगतीया," झुंबरबाई म्हणाली. "मुंगसानं वढत न्हेली. मला दिसलं, आन् तुमा दोघास्नी न्हाई व्हय?"

कोंडूला माझी दया आली. त्यानं काळ्यासकट अकरा पिल्लं माझ्या पाटीत घातली.

एसटीतून उतरल्या उतरल्या शालननं विचारलं, "पिल्लं?"

"अकरा! एकही कमी नाही!"

"आणि तांबडी?"

ती ओरडली असती तर मी सोसलं असतं, त्याची सवय आहे. ती घरी येऊन पायरीवर बसून रडली. मला फार वाईट वाटलं. समजूत काढावी म्हणून मी म्हणालो, "तिला मोजायला तू कुठे सांगितलं होतंस?"

झालं! तिनं डोळे पुसले आणि तांबडीच्या जागी माझी नेमणूक केली.

आता रोज सकाळी मी 'कुक् कुक्' करत, कण्या टाकत पुढे चालतो आणि अकरा पिल्लं मागून ओळीनं येतात. कोंडू कुंपणावरून हाक मारतो, "भाऊ, डबे बराबर हायती न्हवं?"

मी मागे वळून बघत नाही. इंजिनानं कधी डबे मोजलेत का?