रकाना क्रमांक नऊ

हिंगणवाडीच्या ग्रामपंचायतीत सकाळपासून तीन माणसं एका रिकाम्या चौकोनाकडे बघत होती. चौकोन बोटभर रुंद होता आणि त्याचं नाव होतं रकाना क्रमांक नऊ. त्याच्या डोक्यावर छापलं होतं, ‘सद्यस्थिती (एका शब्दात)’.

ग्रामसेवक सुग्रीव भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. सरपंच वनमालाताईंनी चष्मा पुसून घेतला. गावाच्या पाण्याची मोटार चालवणारा सिदू मात्र आत येऊन बसायला तयार नव्हता. तो दाराशी उभा होता, कारण कागदाच्या तळाशी एक ओळ होती. ‘संच क्रमांक १ न आढळल्यास जबाबदार व्यक्तीविरुद्ध चोरीचा गुन्हा दाखल करून तसा अहवाल सादर करावा.’ गावात मोटारीला जबाबदार व्यक्ती एकच होती आणि ती दाराला टेकून उभी होती.

झालं होतं असं, की मागच्या गुरुवारी सिदू वडवणीच्या बाजाराला गेला असताना वरच्या कार्यालयाचे कुणीतरी येऊन गेले. विहिरीवरच्या खोलीला कुलूप होतं. त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. नोंदवहीत पाण्याच्या मोटारीचे संच दोन. खोलीत एक संच धडधाकट, आणि दुसऱ्याचं नुसतं लोखंडी टरफल, त्यात चिमणीनं घरटं केलेलं. त्यांनी चिमणीची नोंद केली नाही, पण संच गायब असल्याची केली.

“सिदू, खरं सांग,” भाऊसाहेब म्हणाले. “एक नंबर गेला कुठं?”

“कुठंच गेला न्हाई. दोन नंबरात हाय.”

हे अगदी खरं होतं. नऊ वर्षांपूर्वी दोन नंबरचा पंखा तुटला, तेव्हा सिदूनं एक नंबरचा काढून बसवला. पुढच्या उन्हाळ्यात कपलिंग गेलं, तेही एक नंबरचं लावलं. मग स्टार्टरची कॉइल गेली, मग बेरिंग. दर वेळी नव्या सामानाची मागणी वर जायची आणि वरच राहायची. गावाला तर रोज सकाळी पाणी लागतं. असं करता करता दोघांत मिळून एकाचंच सामान उरलं. शेवटी लावलेलं ते बेरिंगही आता झिजलं होतं आणि मोटार चालू झाली की ‘कुईंऽ कुईंऽ’ असं रडायची. बाया त्या आवाजावर नळाखाली हंडे लावायच्या. त्या मापाचं बेरिंग कंपनीनं कधीच बंद केलं होतं. बीडलाही मिळत नव्हतं. म्हणून ताईंनी तीन वर्षांपूर्वी नव्या संचाचा प्रस्ताव पाठवला होता, आणि तोही वरच होता.

“तसलंच बेरिंग सावरमाळच्या उत्तरेश्वरकडं हाय,” सिदू म्हणाला. सावरमाळ हे शेजारचं गाव आणि उत्तरेश्वर तिथला मोटारवाला. “त्येचाबी एक संच बंदच हाय. पर त्यानं काढून दिलं, की त्येच्या मागं रकाना नऊ लागंल.”

“ते राहू दे. आधी आपला शब्द सापडू दे.”

भाऊसाहेब सरळ माणूस. त्यांनी लिहिलं, ‘वापरला’. आठ दिवसांत उत्तर आलं. ‘वापरला असल्यास वापरास मंजुरी दिल्याच्या आदेशाची प्रत जोडावी.’ मंजुरीचा आदेश कुठून आणणार? तुटलेला पंखा काही आदेशाची वाट बघत थांबत नाही.

मग ताई म्हणाल्या, “भंगार लिहा. हाय तर भंगारच.”

‘भंगार’ हा शब्द वर फार आवडला असावा, कारण त्याचं उत्तर चारच दिवसांत आलं. भंगार असल्यास जाहीर लिलाव करावा. गावात दवंडी दिली, मोबाइलच्या ग्रुपवरही टाकलं. लिलावाला एकच भंगारवाला आला. त्यानं संचावर टिचकी मारली, आत हात घातला आणि चिमणीची काडी बाहेर काढली.

“ह्याच्यात काय हाय?”

“काय न्हाई,” सिदू म्हणाला.

“मग मी घेऊ काय?”

त्यानं चहा घेतला आणि निघून गेला. बोली आली नाही, हे भाऊसाहेबांनी प्रामाणिकपणे कळवलं, आणि का आली नाही तेही कळवलं. इथं चुकलं. उलट टपाली कागद आला, ‘आतील भाग गहाळ असल्याचे आपण स्वतःच मान्य केले आहे. सबब आठ दिवसांत गुन्हा दाखल करावा.’

सिदू त्या दिवशी जेवला नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं पंचायतीचा खिळा घरी नेला नव्हता. दुपारी त्याची बायको भामाबाई डबा तसाच परत घेऊन पंचायतीत आली आणि तिनं तो भाऊसाहेबांच्या टेबलावर आपटला.

“तुमी खा आता. त्येंच्या तर घशाखाली उतरंना. भाऊसाहेब, ह्यो माणूस सोताच्या लग्नात हळदीच्या अंगानं मोटार चालू कराया गेलता. वऱ्हाड ताटकळलं व्हतं मांडवात. आन् त्यो चोर?”

“वैनी, चोर कोण म्हणतंय? आमाला शब्दच सापडंना. एकाचं काढून दुसऱ्याला लावलं, ह्याला म्हणायचं काय?”

भामाबाईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

“माज्याकडलं विरजण संपलं की मी ताईंकडून आणते. ताईंकडली चहापत्ती संपली की त्या माज्याकडून नेत्यात. ह्याला काय चोरी म्हणत्यात का भंगार म्हणत्यात? उसनं म्हणत्यात उसनं! एवढं शिकून तुमाला कावून कळंना?”

भाऊसाहेबांनी टोपण काढलं आणि रकाना नऊमध्ये गोल अक्षरात लिहिलं, ‘उसना’.

या शब्दावर वरून हरकत आली नाही. आला तो नुसता हुकूम. ‘उसने घेतलेले भाग मूळ संचास परत करावेत. येत्या बुधवारी अभियंता प्रत्यक्ष पाहणी करतील. त्या वेळी दोन्ही संच चालू करून दाखवावेत. अन्यथा गुन्हा दाखल करण्यात येईल.’

“आता?” ताई म्हणाल्या. “सामान एकाचं आन् दाखवायचे दोन?”

सिदू पहिल्यांदाच आत येऊन खुर्चीवर बसला. “ताई, साहेबाला जेवाया काय करणार हाव?”

“ह्या येळेला जेवणाचं काय काढलं रे?”

“धपाटे करा. दही लावा घट्ट. आन् दोन घंटे उठू देऊ नका. बाकीचं माज्याकडं.”

बुधवारी साडेदहाला रविराज साहेब आले. नवीनच लागलेले, तरुण, हातात पॅड. सिदूनं पहाटे गावाला पाणी सोडून झाल्यावर दोन नंबरमधलं सगळं काढून एक नंबरमध्ये घातलं होतं. चिमणीचं घरटं त्यानं जपून खिडकीत ठेवलं. बटण दाबलं, एक नंबर ‘कुईंऽ कुईंऽ’ करत उठला आणि पाइपातून पाण्याची धार आली.

“छान. आता दुसरा लावा.”

“साहेब, दोन्ही एकदम लावले तर डीपी उडती. आमी आळीपाळीनं चालवतो. ह्याला जरा थंड होऊ द्या.”

डीपी उडते हे इतकं खरं होतं की साहेबांना शंका आली नाही. मराठवाड्यात नोकरी करणाऱ्याला डीपीवर विश्वास ठेवायला शिकवावं लागत नाही. ताईंनी त्यांना घरी नेलं. धपाटे आले, दही आलं, ठेचा आला. साहेब ‘बस’ म्हणाले की ताई आणखी एक वाढायच्या. ‘चला’ म्हणाले की भाऊसाहेब ग्रामपंचायतीच्या अडचणी सांगायला लागायचे, आणि त्या कधी संपल्या आहेत? इकडे सिदू घामाघूम होऊन पाने फिरवत होता आणि भामाबाई त्याच्या हातात नट देत होती.

“हळू. बेरिंग फुटलं तर दोन्हीबी मेले,” सिदू पुटपुटला.

“तुमी हात चालवा. त्या सायबाचं पोट भरत आलं असंल.”

साडेबाराला साहेब परत आले तेव्हा दोन नंबर सज्ज होता. सिदूनं बटण दाबलं. ‘कुईंऽ कुईंऽ’ आवाज झाला आणि धार आली.

साहेबांनी मान तिरकी केली. “दोघांचा आवाज अगदी सारखाच कसा काय?”

“भाऊ भाऊ हायेत, साहेब. एकाच कंपनीचे.”

साहेबांनी पॅडवर सही केली. दोन्ही संच चालू. सिदू चोर नव्हता, आणि आता तसा कागदही होता. त्या दिवशी तो दोन वेळा जेवला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण कागद एकदा खरा झाला की तो कामाला लागतो. पंधरा दिवसांनी पुन्हा पत्र आलं. भाऊसाहेबांनी ते एकदा मनात वाचलं आणि मग पडलेल्या आवाजात मोठ्यानं वाचलं.

“‘आपल्याकडे दोन संच चालू स्थितीत असल्याने नवीन संचाचा प्रस्ताव नामंजूर करण्यात येत आहे.’”

“घ्या,” ताई म्हणाल्या. “तीन वर्सं घातली त्याच्यात.”

“अजून हाय. ‘तसेच आपणास एका वेळी एकच संच लागत असल्याने, संच क्रमांक १ हा सावरमाळ ग्रामपंचायतीस एक महिन्यासाठी उसना देण्यात यावा.’”

‘उसना’ हा शब्द आता सरकारी झाला होता. भाऊसाहेबांनी डोकं धरलं. सावरमाळला काय पाठवायचं? नुसतं टरफल? ते पोहोचताच सगळं उघडं पडणार आणि सिदूवरचा गुन्हा पुन्हा जिवंत होणार.

सिदू विचार करत घरी गेला. भामाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “घेणार कोण हाय तिकडं?”

“उत्तरेश्वर.”

“मग काय चिंता? त्यो काय सायब हाय का? द्या पाठवून. पर एक ध्यानात ठिवा. उसनं देताना-घेताना भांडं रिकामं न्हाई द्यायचं.”

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक नंबरचं टरफल चढलं. आत भामाबाईंनी दोन शेर भुईमुगाच्या शेंगा भरल्या होत्या आणि वरून फडकं बांधलं होतं. सिदू धास्तावून फोनजवळ बसून राहिला. संध्याकाळी सावरमाळचा कागद आला. ‘संच क्रमांक १ मिळाला. सद्यस्थिती : चालू.’ आणि पाठोपाठ उत्तरेश्वरचा फोन.

“शेंगा लई गोड हायेत बे,” एवढंच तो बोलला.

महिना झाला तसा टरफल ठरल्या तारखेला परत आलं. ट्रॉलीतून उतरवताना आत काहीतरी जड गडगडलं. सिदूनं फडकं सोडलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, ग्रीसनं माखलेलं, एक न झिजलेलं बेरिंग. मापाला मापाचं. सिदू ते तळहातावर घेऊन बराच वेळ तिथंच उभा राहिला. मग त्यानं फोन लावला, तर तो काही बोलायच्या आत उत्तरेश्वरच म्हणाला, “वैनीला सांग, भांडं रिकामं दिलं न्हाई म्हणून.”

सकाळी सहाला नवं बेरिंग बसवून मोटार चालू केली आणि गावात गोंधळ उडाला. आवाजच नाही! कुणीच नळाला हंडा लावला नाही, पाणी गटारीला गेलं आणि दहा-बारा बाया ‘मोटार बंद पडली का?’ म्हणून विहिरीवर धावल्या. मोटार झोपलेल्या लेकरासारखी गुमान चालली होती.

दुपारी भाऊसाहेबांनी वर पाठवायचा कागद पुढं ओढला. रकाना नऊमध्ये त्यांनी लिहिलं, ‘उसना दिलेला संच परत आला’. एका शब्दाची अट मोडली होती, पण त्यांनी बेधडक टोपण लावलं.

“आन् बेरिंगचं?” दारातून सिदूनं घाबरत घाबरत विचारलं. “त्येला काय शब्द लिवायचा?”

भाऊसाहेबांनी विहिरीच्या दिशेनं कान देऊन ऐकल्यासारखं केलं.

“कुठलं बेरिंग?” ते म्हणाले. “मला तर कसलाच आवाज येत न्हाई.”