रजिस्टरबाहेरच्या बारा जणी

सेफ्टी इन्स्पेक्टर पूर्णिमा मॅडमची जीप लोधीपुऱ्याच्या वळणावर दिसली, असा योगेंद्र महाजनला चहावाल्याचा फोन आला. त्याच्या केळीच्या चिप्सच्या कारखान्याचा परवाना आजच संपत होता. सेफ्टीचा शेरा नीट पडला नाही, तर उद्यापासून कढया थंड. त्याने धावत जाऊन दारात टांगलेल्या लोखंडी पट्टीवर हातोडीचा एक टोला हाणला आणि लगेच शर्ट खोचायला घेतला.

एक टोला म्हणजे साहेब आले. शेडमध्ये माणसं तेवीस होती, रजिस्टरात अकराच. माणसं वाढली की कायदे वाढतात, एवढं शहाणपण योगेंद्रला वडिलांकडून धंद्याबरोबर मिळालं होतं. त्यामुळे टोला ऐकला की उरलेल्या बारा जणी हातातली केळी ठेवून मागच्या दाराने निघत आणि नदीवरच्या राजघाटावर जाऊन बसत. साहेब गेले की योगेंद्र पट्टी बडवत सुटायचा, मग त्या परत. ही शिस्त मालूबाईने लावली होती. ती अठरा वर्षं इथे केळी सोलत होती आणि अठरा वर्षं घाटावर जात होती.

मॅडम नव्या होत्या. त्या हसत नव्हत्या, चहा घेत नव्हत्या आणि मावा जिलेबीच्या पुड्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"आग विझवायचं सिलिंडर प्लास्टिकमध्ये का गुंडाळलंय?"

"नवीन आहे ना मॅडम. खराब नको व्हायला."

"आणि हे मागचं दार उघडं कसं?"

"इमर्जन्सी एक्झिट आहे मॅडम. हमेशा उघडंच ठेवतो आपण." एवढं मात्र शंभर टक्के खरं होतं.

मॅडमना ते आवडलं असावं. त्यांनी मोबाइलमध्ये स्टॉपवॉच लावलं. "चला, मॉक ड्रिल करू. आग लागलीय असं समजा. अलार्म वाजवा."

योगेंद्रने पट्टीकडे पाहिलं. "मॅडम, तोंडानंच सांगतो ना. ऐकतात सगळे माझं."

"वाजवा."

त्याने हातोडी उचलली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पट्टीला ती नुसती टेकवली.

"याला अलार्म म्हणता?" मॅडमनी हातोडी काढून घेतली आणि पट्टी अशी बडवली की समोरच्या गल्लीतली कुत्री भुंकू लागली.

अकरा माणसं पुढच्या दाराने रांगेत बाहेर आली. चाळीस सेकंद लागले. मॅडमनी रजिस्टर उघडून एकेकाचं नाव घेतलं. अकराच्या अकरा हजर. "छान," मॅडम पहिल्यांदाच म्हणाल्या. योगेंद्रने श्वास सोडला आणि तेवढ्यात मागच्या दाराने बारा बायका धापा टाकत शेडमध्ये शिरल्या.

मॅडम बघतच राहिल्या. "आग लागल्यावर तुमच्याकडे माणसं आत येतात?"

"मोहल्ल्यातल्या आहेत मॅडम. मदतीला आल्या. मतलब, माणुसकी फार आहे आपल्याकडे."

माणुसकीने हात धुतले, आपापला पाट ओढला आणि केळी सोलायला घेतली.

मॅडम आत गेल्या. त्यांच्या पाठीमागून योगेंद्र डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी दोन्ही हातांनी 'जा, जा' अशा खुणा करत होता. कुणाचंही लक्ष नव्हतं.

"बाई, इथे आग लागलीय असं समजायचंय," मॅडम मालूबाईला म्हणाल्या. "तुम्ही आत काय करताय?"

मालूबाईने योगेंद्रकडे पाहिलं, मग मॅडमच्या हातातल्या रजिस्टराकडे. तिचा चाकू थांबला.

"बाहेरचे वाचले का सगळे?"

"हो. रजिस्टराप्रमाणे सगळे."

"मंग आमी बारा जनी जळून मेलो, मॅडम," मालूबाई शांतपणे म्हणाली. "अन् आमाले कोनी हुडकाले बी येनार नाही. हजेरी तं पुरी झाली."

योगेंद्रच्या खुणा करणाऱ्या हातांना आता कुठे जावं ते कळेना. कायद्याची भीती त्याला रोजच वाटायची. लाज मात्र फार दिवसांनी वाटली.

मॅडमनी अहवालात लिहिलं, 'वाचले अकरा, दगावल्या बारा.' मग रजिस्टर योगेंद्रपुढे सरकवलं. "नोटीस वेगळी येईल. पण परवाना हवा असेल तर तेवीस जणांचा मिळेल, अकरांचा नाही. मेलेल्यांची नावं लिहा. स्वतःच्या हाताने. मी बसते इथे."

मेलेल्या बारा जणींनी लगेच टेबलाला गराडा घातला. धुरपदाबाईचं म्हणणं, ती कढईला चिकटून बसते, म्हणजे आधी तीच मेली. कुसुमला ते मान्य नव्हतं, कारण तेलाचे डबे तिच्या पाठीशी असतात. शेवटी मालूबाईने दोघींना मागे सारलं आणि स्वतः पुढे झाली.

योगेंद्रने 'मालूबाई' असं लिहिलं आणि त्याचं पेन अडलं. त्याने मान वर न करता हळूच विचारलं, "मावशी, तुमचं आडनाव काय हो?"

"सोनवने," मालूबाई म्हणाली. "अन् जरा मोठ्या अक्षरात लिहा, योगूभाऊ."