उलट पावलांचा डीकन

ऑर्व्हल टीग बत्तीस फुटी ट्रेलर, आत आठ बैल भरलेले असताना, अरुंद फाटकातून एका दमात उलटा आत घालायचा. आख्ख्या सीडर फोर्क गावात हे दुसऱ्या कुणाला जमत नसे. त्यामुळे मुलीने तिच्या लग्नात आपल्याबरोबर 'टू-स्टेप' नाचायची गळ घातली तेव्हा तो नुसता हसला.

"दोन पावलं तर टाकायची! नावातच दोन पावलं आहेत ना? त्यात शिकायचं काय?"

"डॅडी, पण तुम्ही जन्मात नाचला नाहीत," कोरीन म्हणाली.

हे मात्र खरं होतं. ऑर्व्हल बाप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे पास्टरांचा मदतनीस. दर रविवारी स्तोत्रं तोच सांगायचा आणि सगळी मंडळी त्याच्या मागून गायची. पास्टर पर्व्हिस यांच्या मते नाच म्हणजे सैतानाने माणसाच्या पायाला बांधलेली दोरी. एका डीकनला तर नुसता ताल धरला म्हणून त्यांनी वर्षभर मागच्या बाकावर बसवलं होतं! आणि कोरीनने पसंत केला होता अँटन कुबेना. कुबेना मंडळी चेक, कॅथलिक. त्यांच्याकडे मूल आधी नाचतं, मग चालतं. लग्न त्यांच्याच हॉलमध्ये व्हायचं होतं, आणि तिथे नवरी पहिल्यांदा नाचते ती बापाबरोबर. बाप उठला नाही, तर त्याला हे लग्न पसंत नाही असं सगळा हॉल समजतो.

"मला तिथे एकटीला उभं करू नका," कोरीन म्हणाली. हे म्हणताना ती हसत नव्हती.

"नाही करणार. पण सराव वगैरे काही नको. थेट लग्नातच बघ तुझ्या बापाला!"

दुसऱ्याच दिवशी तो गुपचूप अँटनच्या आजीच्या स्वयंपाकघरात हजर झाला. आल्बीना आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हात कोपरापर्यंत कणकेत. त्यांनी हात धुतले, रेडिओ लावला आणि ऑर्व्हलला गच्च धरलं.

"चल, मागे सर. भरभर, भरभर, सा-व-काश, सा-व-काश. अरे, गुडघे वाकव! गोठ्यात दार ढकलतोयस का?"

आजी पुढे येत, ऑर्व्हल मागे सरके. टेबलाला वळसा, शेगडीला वळसा, पुन्हा टेबल. तासाभरात त्याचे पाय आपोआप पडू लागले.

"गडी हुशार आहे!" आजी म्हणाल्या. "हे जमलं की उरलेलं सोपं. पुढच्या गुरुवारी ये."

उरलेलं म्हणजे गिरक्याबिरक्या असणार, असं ऑर्व्हलने ठरवलं. बाप्टिस्ट माणसाला गिरक्या हव्यात कशाला? गुरुवारी त्याने निरोप धाडला, गाय व्यायला झाली आहे. त्याच्या पुढच्या गुरुवारी दुसरी गाय व्यायला झाली. आजींनाही काही वावगं वाटलं नाही. त्या नवशिक्याला नेहमी आधी बाईची पावलं शिकवत. दुसऱ्याच्या तालावर चालता आलं की मग दुसऱ्याला चालवता येतं, अशी त्यांची रीत. ती मुद्दाम सांगायची असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं. कुबेनांच्या घरात ते पाळण्यातल्या पोरालाही माहीत!

ऑर्व्हल मात्र महिनाभर गोठ्यात पेंडीचं पोतं छातीशी धरून उलटा चालला. नाचाचं एकही गाणं त्याला येत नव्हतं, म्हणून तो स्तोत्रं गुणगुणायचा. ताल अगदी बरोबर बसायचा.

"पुरुषानं मागेच जायचं असतं का रे?" बायकोने, नेडीनने, दारातून विचारलं.

"बाईमाणसाला मान द्यायची पद्धत आहे ती!" ऑर्व्हल म्हणाला. "तुला त्यातलं काय कळतंय?"

लग्न झालं. हॉल खच्चून भरला. भिंतीकडच्या लांब टेबलावर कुबेनांच्या बायकांनी दोन दिवस खपून केलेल्या, पिठीसाखरेत घोळलेल्या कुकीजचे डोंगर रचलेले. पास्टर पर्व्हिस जेवणाच्या रांगेत अडकतील आणि तेवढ्यात आपण एक फेरी मारून मोकळे होऊ, असा ऑर्व्हलचा हिशेब होता. पण पास्टर जेवून ताजेतवाने झाले होते आणि पुढच्या खुर्चीवर येऊन बसले होते.

अ‍ॅकॉर्डियन वाजू लागला. कोरीन मधोमध उभी राहिली आणि तिने बापाकडे पाहिलं. ऑर्व्हलने पास्टरांकडे पाहिलं. मग त्याने टोपी घट्ट बसवली आणि तो सरळ मुलीकडे चालत गेला.

त्याने डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. तिनेही डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. दोन पैलवान आखाड्यात उतरल्यासारखे दिसू लागले.

"डॅडी, तुमचा हात माझ्या पाठीवर," कोरीन पुटपुटली.

तो सावरेपर्यंत ताल आला. ऑर्व्हल मागे सरला. कोरीनही मागे सरली. दोघांचे हात फाटकाच्या साखळीसारखे ताणले गेले. लोक हसले.

"डॅडी, पुढे या!"

"पुढे? मागे जायचं असतं!"

"मी मागे जायचं असतं!"

ऑर्व्हलच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "पोरी, मला दुसरं काही येत नाही गं."

कोरीनने झग्याचा घोळ मनगटावर गुंडाळला, बापाच्या पाठीवर हात टाकला आणि म्हणाली, "धरून राहा!"

आणि निघाले की दोघं! भरभर, भरभर, सावकाश, सावकाश! पावलं मोत्यासारखी पडत होती. हॉल टाळ्या वाजवू लागला.

"हा तर बाईची पावलं टाकतोय!" आल्बीना आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या. "पुरुषाची शिकायला आलाच नाही मेला! पण टाकतोय बघा किती गोड!"

"डॅडी, तुम्ही भिंतीएवढे आहात, मला पलीकडचं दिसत नाही," कोरीन धापा टाकत म्हणाली. "जरा मागे बघा!"

पण ऑर्व्हलला ट्रेलर उलटा घ्यायची सवय आरशात बघून. मान वळवणं त्याला कमीपणाचं वाटे. शिवाय नजर पास्टरांच्या चेहऱ्यावर खिळली होती. तो चेहरा समोरून जाई, वळणावर दिसेनासा होई, पुन्हा समोर येई, आणि त्यावर काहीच वाचता येत नव्हतं.

तिसऱ्या वळणावर टेबल आलं.

अ‍ॅकॉर्डियन थांबला. साखरेचा ढग खाली बसला तेव्हा टोपीपासून बुटांपर्यंत पांढराफटक ऑर्व्हल टेबलावर आडवा होता, आणि कोरीन त्याच्या छातीवर डोकं टेकून हसत होती, रडतही होती.

"नाचलात हं डॅडी," ती म्हणाली.

पास्टर पर्व्हिस सावकाश आले. त्यांनी ऑर्व्हलच्या कॉलरमध्ये अडकलेली एक कुकी उचलली, खाल्ली, आणि म्हणाले, "रविवारी भेटू, बंधू."

रविवारी ऑर्व्हल आपण होऊन मागच्या बाकावर जाऊन बसला. पास्टरांचं प्रवचन आधी चालतं, मग दुडकतं आणि शेवटी गाऊ लागतं. ते गाऊ लागलं की दगडालाही डोलावंसं वाटतं, पण त्या दिवशी ऑर्व्हल हाताची घडी घालून ताठ बसला.

"मी पाहिलं!" पास्टरांचा सूर चढला. "नाच समोरून चालून येत होता! आणि आपला बंधू? बंधू मागे सरत होता!"

"आमेन!" मंडळी म्हणाली.

"पोटच्या पोरीसाठी आगीत उभा होता, तरी हॉलभर नाचापासून मागे मागे सरत होता! बायबलातल्या लोटाच्या बायकोने देवाची आज्ञा मोडून एकदाच मागे पाहिलं, मिठाचा खांब झाली! या माणसाने एकदाही मागे पाहिलं नाही!"

"आमेन! आमेन!"

"साखरेचा खांब झाला, एवढंच," नेडीन कानात कुजबुजली. "एकदा बघितलं असतंस, तर बिचाऱ्या बायकांची मेहनत तरी वाचली असती."

"बंधू ऑर्व्हल," पास्टरांनी हाक मारली, "पुढे या. स्तोत्र सांगा."

ऑर्व्हल पुढे गेला. डोळे पुसले. स्तोत्र नेमकं गोठ्यात सराव करताना गुणगुणलेलंच निघालं. मंडळींनी सूर लावला, आणि पहिल्याच ओळीला त्याचा उजवा पाय आपसूक मागे पडला.

मागे पियानो होता. त्याने अर्थातच वळून पाहिलं नाही.