बारा बाय चौदाचं घर

जुन्या वसाहतकऱ्यांच्या मिरवणुकीत पहिल्या गाडीत बसायचा मान लॉरीन स्वोबोदाचा, हे व्हर्ना येस्पर्सनला बघवत नव्हतं. नेब्रास्कातल्या त्या गावात सगळ्यात आधी सरकारी जमीन घेतलेल्या घराण्याला तो मान मिळे. दर ऑगस्टात लॉरीन टेचात बसून हात हलवायची आणि शेजारी राहणाऱ्या व्हर्नाच्या पोटात दुखायला लागायचं.

"ती टोपी तरी बघ तिची," ती नवऱ्याला म्हणायची.

"टोपीचं काय घेऊन बसलीस, तुझं दुखणं गाडीचं आहे," डेल म्हणायचा.

शेवटी व्हर्नाने सरकारी दफ्तरातून पणजोबांच्या जमिनीच्या कागदांची नक्कल मागवली. नक्कल आली आणि तिच्या जिवाचं सोनं झालं. आंदर्स येस्पर्सनचा अर्ज स्वोबोदांच्या आधीचा होता, चांगला एका उन्हाळ्याने.

नुसतं कळून भागणार नव्हतं, लॉरीनचं तोंड उतरलेलं बघायचं होतं. म्हणून तिला कॉफीला बोलावणं गेलं. ती जर्दाळू भरलेले 'कोलाचे' नावाचे गोड पाव घेऊन आली. तेही व्हर्नाच्या केकपेक्षा मऊ होते, हा आणखी एक जुना सल.

"तूच वाच ना मोठ्यानं, माझा चष्मा सापडत नाहीये," चष्मा गळ्यात लटकत असताना व्हर्ना म्हणाली.

तारीख वाचताना लॉरीनचा आवाज बसला. व्हर्नाने समाधानाने कॉफी ओतली. मग साक्षीदाराचा जबाब आला. जमीन नावावर करायची तर तिच्यावर राहतं घर दाखवावं लागे आणि शेजाऱ्याला तशी शपथ घ्यावी लागे. शेजारी होते लॉरीनचेच पणजोबा.

"'घर बारा बाय चौदाचं. एक दार, एक खिडकी. मीच बांधलंय, म्हणून खात्रीनं सांगतो,'" लॉरीनने वाचलं आणि ती थांबली. "बारा काय गं? फूट कुठे लिहिलंय?"

तिची नजर फडताळावर गेली. तिथे व्हर्नाच्या घराण्याचा ठेवा होता, पणजोबांच्या काळचं खेळण्यातलं लाकडी घर. एक दार, एक खिडकी. कोणी काही बोलायच्या आत डेलने त्याला मोजायची टेप लावली.

"बारा इंच बाय चौदा," तो म्हणाला. "दोघींचे पणजोबा एकाच माळेचे मणी की!"

व्हर्नाने कागद ओढून घेऊन त्यांची घडी केली. एकाने राहतं घर म्हणून खेळणं दाखवून सरकारला फसवलं होतं, दुसऱ्याने खोटी शपथ घेतली होती. मूठ झाकलेली ठेवण्यातच दोघींचं भलं होतं.

"गाडी तुला घे," लॉरीन हळूच म्हणाली. "घर मी नेते. आमच्या पणजोबांनी बांधलंय, तुझ्याच कागदात आहे तसं."

व्हर्नाने ते हसतहसत देऊन टाकलं.

ऑगस्टात ती नवी टोपी घालून पहिल्या गाडीत बसली आणि हात हलवू लागली. उलट हात कोणी हलवला नाही. अख्खं गाव मागच्या गाडीला बिलगून चाललं होतं. तिथे मांडीवर घर घेऊन लॉरीन डोळे टिपत सांगत होती, "आमच्या पणजोबांनी लेकरांसाठी स्वतःच्या हातांनी केलेलं."

खरं काय ते व्हर्नाला ठाऊक होतं आणि बोलायची सोय नव्हती. ती मान वळवून वळवून बघत राहिली. मग तिने डेलला विचारलं, पुढच्या वर्षी मागच्या गाडीत कुठे जागा होईल का.