दाढेच्या भोकाबाबत महाजनाचा निर्णय

कोणत्याही बाजाराची पत अखेर एखाद्या अवयवावर उभी असते. जामनगरातल्या एका जुन्या सुपारी बाजाराची पत प्रागजीभाई कनखरांच्या खालच्या उजव्या दाढेवर उभी होती. आलेल्या प्रत्येक पोत्यातली एक सुपारी ते सर्वांसमक्ष चावत. 'कट्ट' आवाज आला की पहिली प्रत, 'कच' आला की दुसरी. (आवाजच आला नाही तर ते पोतं लग्नाच्या तबकांसाठी राखून ठेवत.) एकतीस वर्षं हा न्याय चालला आणि एका सोमवारी दाढेत भोक सापडलं.

प्रागजीभाईंना दुखण्याची भीती नव्हती. भीती लवजीची होती. लवजी त्यांचा साडू; वय चव्वेचाळीस, दात बत्तीस. समोरच्या फळीवर बसून तो रोज भाजलेले चणे मोठ्याने चावायचा. पारख्याची गादी रिकामी झाल्यास आपण तयार आहोत, हे कळवायला त्याला वेगळा अर्ज लागत नव्हता.

"अहो, भोक पडलंय तर बुजवून या," त्यांच्या पत्नी मंछाबेन रोटला थापता थापता म्हणाल्या. "मोरीला पडलं तेव्हा काय सभा भरवली होती?"

"भरवली होती."

"म्हणूनच घुशी अजून येतात."

दातांच्या डॉ. वसावडांनी चार पर्याय सांगितले. चांदी दणकट, पण काळी पडते. दाताच्या रंगाचा मसाला देखणा, पण त्याने सुपारी फोडू नये. सिमेंट तात्पुरतं. सोनं उत्तम, पण हल्ली कुणी मागत नाही. "यातलं काहीही भरा, पण या आठवड्यात भरा," ते म्हणाले. (वाक्याचा पूर्वार्ध इतिवृत्तात नोंदवला आहे.)

दाढ प्रागजीभाईंच्या तोंडात असली तरी मालकी बाजाराची. तेव्हा महाजनाने, म्हणजे व्यापाऱ्यांच्या मंडळाने, सात जणांची समिती नेमली. समिती रोज चार ते पाच बसे. कारण एक ते चार जामनगर झोपतं आणि पाचला गाठिये येतात.

चांदीवर आक्षेप आला की धातूने आवाज बदलेल आणि दुसरी प्रत पहिली वाटेल. देखण्या मसाल्यावर आक्षेप असा की गिऱ्हाइकाला दाढ नवी वाटेल, आणि नव्या दाढेला अनुभव कुठला? सिमेंट ज्यांनी रस्त्यात पाहिलं होतं त्यांनी ते तोंडात पाहायला नकार दिला. सोन्याबद्दल, लोक म्हणतील पारख्या खातो.

मग जाहीर चाचणी झाली. चौघा सभासदांच्या तोंडात चारही पर्याय आधीच होते. निष्कर्ष पुढीलप्रमाणे: चांदी शाबूत, भोवतालचा दात फुटला. मसाला निखळला, सुपारीच्या खांडांत शोधूनही मिळाला नाही. सिमेंट सभासदाने गिळलं (प्रकृती ठीक). सोनेवाल्या वल्लभदासांनी चावायलाच नकार दिला, त्यामुळे सोन्याचा टिकाऊपणा शंभर टक्के ठरला. आकडेवारी परस्परविरोधी असल्याने समितीला मुदतवाढ मिळाली.

समिती अकरा आठवडे बसली, पण पोती थांबली नव्हती. पहिल्या आठवड्यात प्रागजीभाईंनी डाव्या बाजूने चावलं. तिकडेही कळ गेली. समोरून लवजी म्हणाला, "प्रागजीभाई, चणे देऊ? मऊ आहेत."

दुसऱ्या दिवसापासून प्रागजीभाई खांद्यावर शाल घेऊ लागले. सुपारी तोंडात ठेवायची, डोळे मिटायचे आणि शालीखाली जामनगरी अडकित्त्याने दुसरीच सुपारी फोडायची. कट्ट. अडकित्ता उत्तम असल्याने आवाज नेहमी कट्टच येई. समितीने समाधानाने नोंदवलं की तिच्या स्थापनेपासून बाजारात दुसऱ्या प्रतीची एकही सुपारी आलेली नाही.

बाराव्या आठवड्यात गाल सुजून कानाला भिडला. डॉ. वसावडांनी तोंडात पाहिलं आणि आरसा खाली ठेवला.

"काय भरायचं?" प्रागजीभाईंनी विचारलं. "समिती सोन्याकडे झुकते आहे."

"भरायला भिंती लागतात, प्रागजीभाई. तुमच्याकडे आता नुसतं अंगण उरलंय."

दाढ निघाली. गादी लवजीला मिळाली. प्रागजीभाई घरी बसले आणि दुधात कुस्करलेला रोटला खाऊ लागले. तो मंछाबेन स्वतः कुस्करून देऊ लागल्या, यावरून प्रकरण किती गंभीर होतं हे ध्यानात यावं.

लवजीने पहिल्या दिवशी आपल्या दातांनी नऊ पोती प्रामाणिकपणे चावली. सात दुसऱ्या प्रतीची निघाली. संध्याकाळच्या आत त्याच्या बत्तिशीत दोष असल्याचा ठराव एकमताने संमत झाला. प्रागजीभाईंना सन्मानाने परत बोलावलं. शालही महाजनानेच दिली, जरा जाड. आता शालीत अडकित्ता आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण आवाजाबद्दल कुणाची तक्रार नाही. दाढ कचेरीत काचेच्या बरणीत ठेवली आहे. ती कशाने भरावी यावर समिती अजून बसते.

त्या बाजारातली पहिल्या प्रतीची सुपारी तुमच्याकडेही येते. गेल्या लग्नात तबकातून उचललीत, चावलीत आणि कळ आली, तीच. आत्ता तुमची जीभ ज्या दाढेवर जाऊन आली, तीच ती दाढ. घाई नको. कशाने भरायची, हे आधी नीट ठरवा.